लेकीसाठी रिव्हॉल्व्हर करून घ्यायचंय: काय बदलावं आणि कशाला हात लावू नये?

शांत_नेम
नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहून टाकतो. माझ्याकडे रुगरचं न्यू मॉडेल ब्लॅकहॉक आहे, .३५७ मॅग्नम (जोरदार काडतूस), सिंगल ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्याने मागे ओढायचा. लेक झाली त्याच वर्षी घेतलेलं, म्हणजे आता २२ वर्षं झाली. ती चौदाची असल्यापासून माझ्याबरोबर रेंजवर येते, याच रिव्हॉल्व्हरवर शिकली आणि आता माझ्यापेक्षा तिचा नेम चांगला आहे हे मी आनंदाने कबूल करतो. हे तिला द्यायचंय. पण नुसतं कपाटातून काढून हातात ठेवायचं नाही, नीट करून द्यायचंय, असं की तिनेही पुढे कुणाला तरी देताना दोनदा विचार करावा.
डोक्यात काय आहे ते सांगतो. पूर्ण फ्रेमवर एनग्रेव्हिंग (कोरीव नक्षी), फ्रेमला केस कलर (जुन्या कोल्टवर असतात तसे ढगाळ रंग), हस्तिदंती ग्रिप (मुठीच्या बाजूच्या पट्ट्या), त्यावर तिची आद्याक्षरं, ट्रिगर एकदम हलका. लायसन्स आणि नावावर करण्याचं आमच्या इथल्या कायद्याप्रमाणे आधीच विचारून घेतलंय, त्यामुळे तो प्रश्न नाही. प्रश्न एवढाच की सुरुवात कुठून करू?

कानस
छान विचार आहे. मी बेंचवर बसून हेच काम करतो म्हणून आधी क्रम सांगतो, कारण क्रम चुकला की एकच काम दोनदा करावं लागतं आणि दुसऱ्यांदा पॉलिश म्हणजे धातू अजून थोडा गेला.
सगळ्यात आधी मेकॅनिकल. टायमिंग (घोडा ओढला की कप्पा नेमका बॅरलसमोर येऊन थांबतो का), सिलिंडरचा, म्हणजे गोळ्यांचे कप्पे असलेल्या फिरत्या भागाचा, पुढे-मागे हलणारा खेळ, बॅरल आणि सिलिंडरमधली फट (साधारण ०.१ ते ०.२ मिमी असेल तर उत्तम), सिलिंडरची तोंडं बॅरलच्या मापाशी जुळतात का. हे सगळं झालं की गोळ्या झाडून बघायच्या, शेदोनशे तरी, त्याशिवाय पुढे जायचं नाही. मग ग्रिप बसवायचे, कारण लाकूड आणि ग्रिप फ्रेम (मुठीचा धातूचा सांगाडा) एकत्र घासली तरच दोघांची कड एक होते, म्हणजे बोट फिरवलं तर कुठे धातू संपला आणि कुठे लाकूड सुरू झालं ते कळत नाही. मग पॉलिश, मग एनग्रेव्हिंग, आणि निळा किंवा जो काय फिनिश करायचा तो सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, आधी चकाचक ब्लू (पोलादावरचा निळा-काळा गंजरोधक थर) करून आणतात आणि मग म्हणतात ट्रिगर बघा, ग्रिप बसवा. बसवतो की, पण चरे पडले की वाईट वाटतं.

निळं_पोलाद
+१ कानस. केस कलरबद्दल मात्र थोडं थांबा असं सांगेन.
जुन्या कोल्टच्या फ्रेमवर जे निळे-तपकिरी-राखाडी ढग दिसतात ते रंग नाहीत, ती कडक करण्याची पद्धत होती. हाडांचा आणि लाकडाचा कोळसा भरलेल्या डब्यात पार्ट ठेवून ७०० अंश सेल्सियसच्या वर तापवायचे आणि हवेचे बुडबुडे सोडलेल्या पाण्यात ओतायचे. त्या काळच्या मऊ लोखंडाला वरून कडक कातडी यायची आणि ढग हे त्याचं देखणं बायप्रॉडक्ट. तुमची फ्रेम क्रोम-मोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम) स्टीलची आहे, कारखान्यातूनच हीट ट्रीट होऊन आलेली. ती परत एवढी तापवून पाण्यात टाकली तर मूळची ट्रीटमेंट जाते, फ्रेम वाकडी होण्याची भीती वेगळीच. आधुनिक स्टीलवर हे नीट करणारे लोक आहेत, पण मोजके आहेत, आणि .३५७ च्या प्रेशरची फ्रेम मी तरी दिसण्यासाठी आगीत घालणार नाही. शिवाय हे रंग हाताळून आणि उन्हाने उडतात. नातवापर्यंत जाईस्तोवर राखाडी होईल.
त्यापेक्षा रस्ट ब्लू बघा. आम्लाचं सोल्युशन लावून मुद्दाम गंज आणायचा, उकळत्या पाण्यात घातला की तो लाल गंज काळा होतो, बारीक स्टील वूलने झाडायचा, परत लावायचं. असे कितीतरी फेरे होतात. कारखान्याचं हॉट ब्लू म्हणजे १४० अंशांच्या आसपासच्या कॉस्टिक क्षारात बुडवून काढलेलं, ते आरशासारखं होतं. रस्ट ब्लूला तसा आरसा नाही, मऊ साटीनसारखी खोली असते, आणि झिजतानासुद्धा ते सुंदर झिजतं.

दुसरी_पिढी
मी दुसऱ्या बाजूने लिहितो, म्हणजे ज्याला मिळालं त्याच्या बाजूने.
माझ्याकडे बाबांचं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १९ आहे. ते गेल्यावर हातात आलं तेव्हा बॅरलच्या टोकाला होल्स्टरने ब्लू उडालेला, मुठीच्या मागच्या पट्टीवर तळव्याच्या जागी पांढरं पोलाद दिसायचं, आणि मला वाटलं बाबांसाठी काहीतरी करावं. म्हणून मी ते एका वर्कशॉपमध्ये नव्याने ब्लू करायला दिलं. परत आलं तेव्हा आरशासारखं चमकत होतं आणि मी घरी येऊन अक्षरशः रडलो. बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) इतकं दाबून धरलं होतं की कडा गोल झाल्या, बॅरलवरची अक्षरं पुसट झाली, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे पडले. या रिव्हॉल्व्हरची साइड प्लेट (फ्रेमच्या बाजूचं झाकण) कारखान्यात इतकी नेमकी बसवलेली असते की सांधा शोधावा लागतो, माझ्याकडे आता तो लांबून दिसतो. पण खरं दुःख त्याचं नाही. ती तळव्याची खूण गेली. तीस वर्षं त्यांचा हात जिथे टेकत होता ती जागा मी पैसे देऊन पुसून आणली.
शांत_नेम, तुमचं रिव्हॉल्व्हर २२ वर्षांचं आहे. त्यावर तुमच्या खुणा असतील. पॉलिश करायच्या आधी त्या लेकीला दाखवा आणि तिला विचारा यातलं काय ठेवायचं. मला कुणी विचारलं नाही, मीच बाबांना विचारायला हवं होतं.

शांत_नेम
@दुसरी_पिढी, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही टाइप करता आलं नाही. मनापासून धन्यवाद.
खुणा आहेत. ग्रिप फ्रेमच्या खालच्या कडेचा काळा रंग उडून पांढरं दिसतंय, आणि इजेक्टर हाउसिंगवर (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीच्या नळीवर) एक चांगलाच ओरखडा आहे, तो तिनेच पाडलाय पहिल्याच वर्षी, स्क्रू ड्रायव्हर सटकून. तेव्हा मी तिच्यावर ओरडलो होतो.

कानस
तो ओरखडा ठेवा!
आणि कडेचं जे पांढरं दिसतंय ते पोलाद नाही, अॅल्युमिनियम आहे. ब्लू केलेल्या ब्लॅकहॉकची ग्रिप फ्रेम बहुतेक वेळा अॅल्युमिनियम अलॉयची असते, तिला ब्लू होतच नाही, वरून काळं कोटिंग असतं. माझ्या मते तुमच्या पैशाचा सगळ्यात चांगला उपयोग म्हणजे तिथे स्टीलची ग्रिप फ्रेम बसवणं. मागे वजन येतं, धक्का कमी जाणवतो, तोल बदलतो, आणि मग फ्रेमपासून मुठीपर्यंत एकच ब्लू चढतो. जुनी अॅल्युमिनियमची जपून ठेवा, तुमच्या हाताची झीज तिच्यावरच आहे. ही गोष्ट पूर्ण उलटी फिरवता येते, चार-पाच स्क्रूंचं काम.
दुसरं, बेस पिन बदला. सिलिंडर ज्या पिनवर फिरतो ती मूळची थोडी ढिली असते आणि जोरदार काडतुसांच्या धक्क्याने पुढे सरकते. नेमक्या मापाची घट्ट पिन घातली की सिलिंडर डुगडुगत नाही.
ट्रिगर हलका करायचाय म्हणालात, तो स्वच्छ करा, फार हलका नको. घोडा आणि ट्रिगर जिथे एकमेकांत अडकतात ती जागा एका केसाएवढी असते आणि वरचा कडक थर दगडाने घासून गेला की पुढे झीज भराभर होते. हे काम स्वतः घरी करू नका. घोड्याची स्प्रिंग खूप मऊ केली तर प्रायमर (काडतुसाच्या बुडातली पेट घेणारी टिकली) पेटत नाही. आणि लक्षात घ्या, पुढे हे कुणाच्या हातात जाणार ते आपल्याला ठाऊक नाही, तो माणूस नवशिका असू शकतो.

टाकीचे_घाव
एनग्रेव्हिंग करते म्हणून माझं नाव बघून कुणी म्हणेल ही बाई जास्तच कोरायला सांगणार, पण नाही.
पूर्ण फ्रेम कोरायची असेल तर हात बघून निवडा. फोटो पाठवा म्हणा, जवळून काढलेले. वळणाची रेघ एकसलग आहे की तुकड्या-तुकड्यांत, पार्श्वभूमीचे ठिपके एकसारखे आहेत का, पानाचं टोक कुठेतरी जाऊन संपतंय का नुसतं थांबतंय. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जर्मनीहून आलेल्या कारागिरांनी ही कला मोठी केली. गुस्टाव्ह यंग यांनी हार्टफर्डला कोल्टचं काम केलं आणि नंतर स्प्रिंगफील्डला स्मिथ अँड वेसनचं. न्यूयॉर्कच्या निम्शकेंनी तर आपल्या कोरीवकामाचे शाईचे ठसे घेऊन वहीत चिकटवून ठेवले, म्हणून आज ती नक्षी कुणाची ते ओळखता येतं. मी पण प्रत्येक कामाचा ठसा घेते आणि मालकाला एक देते, तुम्हीही मागून घ्या. शंभर वर्षांनी धातू झिजला तरी कागदावर रेघ शिल्लक राहील.
पण तुमच्या बाबतीत माझं मत विचाराल तर, थोडं कोरा. मुठीच्या मागच्या पट्टीवर आद्याक्षरं, बॅरलच्या टोकाला बारीक बॉर्डर, बेस पिनच्या डोक्यावर एखादं फूल. भरगच्च कोरलेलं रिव्हॉल्व्हर लोक वापरत नाहीत हो, घाबरतात, डब्यात ठेवतात. मी कोरलेली कितीतरी अशी आहेत जी माझ्या हातून गेल्यावर एकदाही झाडली गेली नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं. आणि सिरीयल नंबरच्या जवळपाससुद्धा नक्षी नको. नंबर बुजवणं कितीतरी देशांत सरळ गुन्हा आहे आणि कायदा बाजूला ठेवला तरी नंबर गेला की त्या वस्तूचा इतिहास गेला.

रानवाटा
आद्याक्षरं कुणाची घालायची हा विचार करा. तिची घातली तर तिच्या मुलांना ते आईचं वाटेल, तुमचं नाव कुठे राहिलं? दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन जनरल पॅटनच्या १८७३ मॉडेलच्या कोल्टवर हस्तिदंती ग्रिपमध्ये त्याची स्वतःची आद्याक्षरं होती, ते कायम त्याचंच राहिलं, म्युझियममध्येसुद्धा त्याचं म्हणूनच बघतात. पण घराण्यात फिरणाऱ्या वस्तूचं तसं नसतं ना.
माझा उपाय सांगतो. ग्रिपच्या आतल्या बाजूला लिहा. जुन्या स्मिथ अँड वेसनच्या उजव्या लाकडी ग्रिपच्या आत सिरीयल नंबर सापडतो, कधी ठोकलेला, कधी पेन्सिलने लिहिलेला, आणि ती पेन्सिल सत्तर-ऐंशी वर्षांनी वाचता येते, कारण आत ना घाम जातो ना ऊन. तिथे तुमचं नाव, वर्ष, खाली तिचं, आणि खाली जागा मोकळी.

दुसरी_पिढी
रानवाटा, हे फार म्हणजे फारच आवडलं. मी आज रात्री बाबांच्या ग्रिप उघडतोय.

निळं_पोलाद
उघडताना स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असाच ड्रायव्हर घ्या, बाजू समांतर घासलेला. साधा निमुळता घेतला तर सटकतो आणि मग शांत_नेम यांच्या लेकीसारखा ओरखडा. :)
ग्रिपच्या मटेरियलबद्दल, हस्तिदंत नकोच. १९८९ मध्ये आफ्रिकी हत्तीला साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात घातलं तेव्हापासून हस्तिदंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद आहे, आणि जुनं कायदेशीर असलं तरी एका देशातून दुसऱ्या देशात नेताना कागद दाखवत बसावं लागतं. लेक उद्या परदेशात राहायला गेली तर? आणि तो सुकून तडकतो, आकसतो. त्याहून मोठं कारण मी सांगत बसत नाही, हत्ती जिवंत असलेला बरा. रोझवूडलाही २०१७ पासून साइट्सचे नियम लागू झालेत, त्यामुळे तेही विचारून घ्या. जुन्या सेल्युलॉइडच्या ग्रिप कुठे स्वस्तात मिळाल्या तर मोहात पडू नका, ते कुजताना आम्लाचा वायू सोडतं आणि शेजारचं पोलाद खातं.
अक्रोड घ्या, वॉलनट. शंभर-दीडशे वर्षं टिकल्याचे पुरावे पोत्याने आहेत.

शांत_नेम
वॉलनट पटलं. काल लेकीशी बोललो. सगळा धागा तिला वाचायला दिला. एनग्रेव्हिंग नको म्हणाली, म्हणजे पूर्ण फ्रेमचं नको, आद्याक्षरंसुद्धा बाहेर नकोत, आत चालतील. केस कलर मीच रद्द केला. ओरखडा ठेवायचाय, त्याबद्दल तिने माझ्याकडे असं काही बघितलं की मी विषयच बदलला. एक मात्र तिने मागितलं जे मला कधी सुचलं नसतं, ती म्हणाली बाबा, घोडा माझ्या अंगठ्याला लांब पडतो, लहानपणापासून पडतो, मी दोन्ही हातांनी ओढत होते. आठ वर्षं माझ्या शेजारी उभी राहून झाडतेय आणि मला हे माहीत नव्हतं.
कानस, याला काही करता येतं का?

कानस
येतं की, आणि हेच खरं कस्टम काम. सुपर ब्लॅकहॉकचा घोडा बसवता येतो, त्याचं शेपूट खाली आणि रुंद असतं, अंगठा पोचतो. तो तुमच्या ट्रिगरशी जुळवून बसवावा लागतो, नुसता बदलून चालत नाही. शिवाय ग्रिप. तिच्या हाताचं माप घ्या, तळव्याच्या मधोमधपासून ट्रिगरच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत, आणि त्याप्रमाणे वॉलनट वरच्या भागात पातळ करून घ्या.
एल्मर कीथ या अमेरिकन बंदूक-लेखकाचं 'नंबर ५' म्हणून एक प्रसिद्ध कोल्ट आहे, १९२० च्या दशकाच्या शेवटी बनवून घेतलेलं. नक्षी आहे, हस्तिदंत आहे, पण शंभर वर्षांनी लोक अजून त्याच्याबद्दल बोलतात ते मुठीबद्दल. बिस्लीच्या (कोल्टच्याच नेमबाजीच्या मॉडेलच्या) मुठीचा मागचा भाग घेऊन त्याच्या हातात नेमकी बसेल अशी मूठ जुळवलेली, घोड्याचं शेपूटही तसंच सोयीचं. आजचे कारागीर अजून तिची नक्कल करतात.

चकमक
मी बऱ्याच दिवसांनी लिहितेय. एक प्रश्न, बॅरलवरची ती लांबलचक 'वापरण्यापूर्वी मॅन्युअल वाचा' वाली सूचना पॉलिश करताना काढून टाकायची का? बरेच जण काढतात, मला तर ती डोळ्यांत खुपते.

निळं_पोलाद
दिसायला वाईट आहे हे मान्य. तरी मी ठेवेन. ती त्या काळाची खूण आहे, आणि काढायची म्हणजे बॅरलची ती पूर्ण बाजू खाली घासायची. माझं मत.

रानवाटा
मी काढली होती, आता वाटतं ठेवायला हवी होती.
एक सुरक्षेची गोष्ट राहून जायला नको. शांत_नेम यांचं न्यू मॉडेल आहे, म्हणजे १९७३ नंतरचं, त्यात ट्रान्सफर बार आहे, ट्रिगर दाबल्याशिवाय घोड्याचा मार फायरिंग पिनपर्यंत पोचतच नाही. पण हा धागा वाचून कुणी आजोबांचं त्याआधीचं तीन स्क्रूवालं रुगर किंवा जुनं कोल्ट बाहेर काढेल, तर त्यात ही सोय नाही. त्यात पाचच भरायच्या आणि घोडा रिकाम्या कप्प्यावर ठेवायचा. रुगर कंपनी स्वतःच्या जुन्या मॉडेलला ही सोय फुकट बसवून देते आणि काढलेले मूळ पार्ट परत पाठवते, ते टाकू नका. आणि १९०० च्या आधीची कोल्ट म्हणजे काळ्या बंदुकीच्या दारूच्या (ब्लॅक पावडर) काळातली, आजची काडतुसं बसली तरी झाडायची नाहीत, जाणकाराला दाखवल्याशिवाय तर मुळीच नाही.

दुसरी_पिढी
ग्रिप उघडल्या. आत पेन्सिलने नंबर आहे, फ्रेमच्या नंबरशी जुळतो. आणि लाकडाच्या खाचेत काळा चिकट मळ बसलाय, तेल आणि घाम. बाबांचाच असणार. पुसला नाही.

टाकीचे_घाव
❤️

शांत_नेम
दुसरी_पिढी, 🙏
रिव्हॉल्व्हर परत आलं. मधे चार महिने गेले म्हणून अपडेट द्यायला उशीर. काय काय झालं ते लिहितो: स्टीलची ग्रिप फ्रेम, नवी बेस पिन, सुपर ब्लॅकहॉकचा घोडा, ट्रिगर स्वच्छ पण फार हलका नाही, फ्रेम आणि बॅरलला रस्ट ब्लू, सूचना तशीच, इजेक्टर हाउसिंगला कुणी हात लावलेला नाही, ओरखडा जागच्या जागी. वॉलनट तिच्या हाताचं. माझ्या हाताला आता ती मूठ लहान पडते, आणि पहिल्यांदा धरलं तेव्हा क्षणभर परकं वाटलं, मग बरं वाटलं.
मूळ घोडा, जुनी ग्रिप फ्रेम, स्प्रिंगा, जुने ग्रिप, बिल, कुणी काय काम केलं त्याचं पान आणि काम व्हायच्या आधीचे फोटो असं सगळं एका डब्यात. आता शेवटचा प्रश्न, हे ठेवायचं कशात? ओकच्या लाकडाची मखमल लावलेली पेटी बघून ठेवलीय.

निळं_पोलाद
ओक नको! ओकमधून ॲसिटिक ॲसिडची वाफ निघत राहते, बंद पेटीत पोलाद गंजतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पण ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि त्यातली कमावण्याची रसायनं ब्लू खातात. फोमच्या केसचंही तेच, नेण्या-आणण्यापुरती ठीक. तिजोरीत उभं ठेवा, सिलिका जेल टाका आणि ते वेळच्या वेळी वाळवा, हात लागला की पुसा, घामातलं मीठ बोटांच्या ठशांच्या आकारात गंज आणतं. वर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्या, म्युझियमवाले वापरतात तेच. पेटी सुंदर असेल तर तिच्यात कागद आणि फोटो ठेवा.

कानस
आणि रोज हलकी .३८ स्पेशल झाडा, तुमच्या .३५७ मध्ये चालतात. मॅग्नम कधीतरी. फक्त .३८ नंतर सिलिंडरच्या कप्प्यांत काजळीची कडी बसते ती घासून काढा, नाहीतर मॅग्नमची लांब केस नीट आत जात नाही.

शांत_नेम
पेटीत कागदच जातील मग.
काल तिने पहिल्यांदा झाडलं, सहा .३८. घोडा एका अंगठ्याने ओढला. घरी आल्यावर ग्रिप उघडून दिल्या, मी आत माझं नाव आणि घेतलं ते वर्ष लिहिलं, तिने खाली तिचं. तिचं अक्षर माझ्यापेक्षा बारीक आहे, त्यामुळे खाली अजून चारेक नावांची जागा उरलीय.